शेतातला काळा दगड उल्का आहे का, आणि पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट का दिसतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. नांगरट करताना तुम्हाला मुठीएवढा काळा, जड दगड सापडला आणि त्याला चुंबक चिकटतं. गावात कोणी म्हणालं, हा आकाशातून पडलेला आहे. एकाने तर ‘टेस्टिंग’साठी आगाऊ पैसे भरा, पुढे लाखोंचं गिऱ्हाईक आणतो, असंही सांगितलं. दुसरी गोष्ट, तुम्ही मुलीसाठी ७० मिमीची दुर्बीण घेतली आणि पौर्णिमेला हौसेने चंद्रावर लावली, तर डोळे दिपवणारा पांढरा गोळा दिसला, बाकी काही नाही. दगड खरा कसा ओळखायचा आणि दुर्बीण वाया गेली का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

पैसे भरू नका, हे सगळ्यात आधी. दगडाची परीक्षा करण्यासाठी मालकाकडून आगाऊ रक्कम मागणारा माणूस दगड विकत घेण्याच्या उद्योगात नसतो. तांदूळ ओढणारं भांडं, ‘राइस पुलर’, याच पद्धतीने विकलं जातं आणि त्यात अनेकांनी घरदार घालवलं आहे. तुमचा दगड काहीही निघो, हा व्यवहार इथेच थांबवा.

आता दगडाकडे. जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केला आपण अशनी म्हणतो. फोटो पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ असं ठाम सांगणं बहुतेक वेळा शक्य नसतं. दगड कुठे सापडला, किती वर्षं मातीत होता, फुटलेला आहे की अखंड, यावर बरंच अवलंबून असतं. तरी तुम्ही विदर्भातले आहात, तेव्हा मी सुरुवात आकाशापासून करत नाही, तुमच्या शेतापासून करतो. लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात तेव्हा मी आधी विचारतो: याच रानातले आणखी चार दगड आणलेत का? तिथले नेहमीचे दगड कसे आहेत हे माहीत नसेल, तर वेगळा दगड कोणता हे कळणारच नाही.

आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. तो काळा असतो, हाताला जड लागतो, आणि त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असल्यामुळे चुंबकाला थोडीफार ओढही देतो. म्हणजे काळा, जड आणि चुंबक ओढणारा ही तुमची तिन्ही लक्षणं साध्या बेसॉल्टमध्येही बसतात. त्यावर बारीक छिद्रं असतील, किंवा छिद्रांत पांढरी गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट भरलेलं असेल, तर शोध तिथेच संपला. अशनीत अशी छिद्रं जवळजवळ कधीच नसतात आणि गारगोटी तर नसतेच.

दुसरा दावेदार लोखंडाचं कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ. विदर्भात लोखंड गाळण्याची परंपरा फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला झालेल्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अशा भट्ट्यांचं कीट शेतात शतकानुशतकं पडून असतं: काळं, काचेसारखं चकाकणारं, वितळून वाहिल्याच्या खुणा असलेलं, आणि पुष्कळदा बुडबुड्यांनी भरलेलं. लोकांना ‘हे आगीतून आलंय’ असं वाटतं, आणि ते खरंही असतं. फक्त ती आग भट्टीची असते. माझ्यापर्यंत आलेल्या ‘उल्कां’मध्ये बेसॉल्टच्या खालोखाल कीटच असतं.

मग खरा अशनी कसा दिसतो? नुकता पडलेला असेल तर त्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं काळं, वितळलेलं कवच असतं. आतला भाग मात्र बहुधा राखाडी, फिकट. टवका उडालेल्या जागी हा फरक लगेच नजरेत भरतो. बेसॉल्ट आतून-बाहेरून जवळपास सारखाच काळा असतो, म्हणून मी नेहमी दगडाची फुटकी बाजू मागतो, गुळगुळीत बाजू नाही. काही अशनींवर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे असतात, पण ते सगळ्यांवर नसतात. पृथ्वीवर सापडणाऱ्या अशनींपैकी बहुसंख्य कॉन्ड्राइट प्रकारचे, म्हणजे दगडी. त्यांच्या आत भिंगाखाली लोखंड-निकेलचे चकाकणारे कण दिसतात, आणि बऱ्याचदा मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणेही. या दाण्यांना कॉन्ड्रूल म्हणतात आणि पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात ते बनत नाहीत.

घरी तीन गोष्टी करून पाहा. पहिली चुंबकाची, पण वेगळ्या रीतीने. छोटं, साधं चुंबक दोऱ्याला टांगा, दगड त्याच्याजवळ न्या आणि दोरा किती कलतो ते पाहा. तेच शेतातल्या चार दगडांबरोबर करा. हार्ड डिस्कमधलं जोरकस चुंबक दगडाला घासू नका. दगड खरोखर अशनी निघाला तर त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद असू शकते, आणि अशा चुंबकाच्या एका स्पर्शात ती पुसली जाते. मंगळावरून आलेल्या एका मौल्यवान अशनीच्या बाबतीत शोधणाऱ्यांच्या चुंबकांनी हेच केलं आहे.

दुसरी, घनता. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दगड कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. समजा वजन ६२० ग्रॅम आणि बुडवल्यावरचा आकडा २०५, तर घनता आली ३.०२. ही घट्ट बेसॉल्टची घनता झाली. साध्या कॉन्ड्राइटची घनता साधारण ३.२ ते ३.८, लोखंडी अशनीची सात-आठच्या घरात. मात्र ३.५ आली म्हणून अशनी असं समजू नका. कीटही त्याच पट्ट्यात येतं, आणि लोहखनिज तर पाचपर्यंत जातं.

तिसरी, रेघ. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा. लालसर तपकिरी रेघ उठली तर हेमॅटाइट हे लोहखनिज, काळी-राखाडी दाट रेघ उठली तर मॅग्नेटाइट. अशनी सहसा रेघ ओढतच नाही, ओढली तर अगदी पुसट. मातीत राहून गंजलेल्या अशनीत मात्र ही परीक्षा फसवू शकते.

या तिन्हींतून दगड पार पडला तरच पॉलिश पेपर घ्या आणि कोपऱ्याला नखाएवढी जागा घासून आत चकाकते कण आहेत का ते भिंगाने पाहा. हातोडा नको, ॲसिड नको, आणि घनतेसाठी बुडवला तेवढं सोडून ‘स्वच्छ दिसावा’ म्हणून धुवायचाही नाही. कण दिसले तर पुढचा रस्ता सरळ आहे. भारतात पडलेले अशनी जतन करायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. त्यांचा मूळ संग्रह कोलकात्याला आहे आणि मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. जागा, तारीख, वजन आणि फुटक्या बाजूचा मोजपट्टीसह फोटो घेऊन तिथे लिहा.

आपल्याकडे हे घडतच नाही असं मात्र समजू नका. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडला. तो एल-६ प्रकारचा, म्हणजे लोखंड कमी असलेल्या गटातला कॉन्ड्राइट निघाला. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्याच्या तुकड्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थराच्या खोल भागात, हे खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथपर्यंत कुणी पोचू शकत नाही. काटोलच्या तुकड्याने ते आपल्या हातात आणून दिलं. लोकांनी तुकडे पडल्या पडल्या उचलले आणि ते संशोधकांपर्यंत पोचले, म्हणून हे शक्य झालं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण गावात तुम्हाला तो हमखास ऐकू येईल: ‘आगीचा गोळा आमच्या मागच्या रानात पडला.’ अग्निगोल दिसतो तेव्हा तो सहसा जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर विझतो. उरलेला दगड पुढे न चमकता, अंधारात खाली येतो. तो पडल्याजागी गवत पेटवत नाही. ‘जवळच पडला’ असं ज्यांना वाटतं ते बहुधा शेकडो किलोमीटर लांबचं दृश्य पाहत असतात. आणि २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्रभर लोकांनी आकाशात जळत जाणारे पट्टे पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी येऊन पडली. तो चिनी रॉकेटचा अवशेष होता. म्हणून आकाशातून पडलेल्या प्रत्येक वस्तूला हात लावण्याआधी फोटो काढा आणि पोलीस पाटलाला कळवा.

तुम्हाला अशनी शोधायचा छंदच लावून घ्यायचा असेल तर खरं सांगतो, आपल्या भागात रानोमाळ हिंडून हाती लागणं फार कठीण. जगातले बहुतेक अशनी अंटार्क्टिकाच्या बर्फावर आणि सहारा, ओमानसारख्या वाळवंटांत सापडतात. तिथे पार्श्वभूमी फिकट असते आणि हवा कोरडी, त्यामुळे दगड टिकतो आणि दिसतोही. आपल्याकडे काळ्या मातीत काळा दगड शोधायचा, आणि दरवर्षी पावसाळा त्यातलं लोखंड गंजवत राहतो. लोणारला जाऊन दगड उचलायचा विचारही करू नका. ते अभयारण्य आहे, तिथून काहीही नेता येत नाही.

पण घराच्या गच्चीवर एक खरा शोध घेता येतो. नॉर्वेचा जॅझ वादक योन लार्सन याने शहरातल्या छपरांवरच्या गाळातून सूक्ष्म अशनी वेगळे काढले, आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मॅथ्यू गेंज यांच्यासोबत २०१७ मध्ये ते काम शास्त्रीय नियतकालिकात आलं. तोपर्यंत बहुतेक तज्ज्ञ म्हणत होते की शहरी धुळीत हे शक्यच नाही. पद्धत साधी आहे. पावसाळी पाइपच्या तोंडाशी साचलेला गाळ धुवायचा, वाळवायचा, बारीक चाळणीतून काढायचा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवायचं. चिकटलेल्या कणांत ०.२ ते ०.४ मिमीचे गोल मणी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे. कठीण भाग पुढेच आहे. वेल्डिंग, ग्राइंडर आणि फुलबाज्यांमधूनही अगदी असेच गोळे उडतात, त्यामुळे दिवाळीनंतरचा गाळ घेऊ नका. नुसता गोल आकार पुरत नाही, पृष्ठभागावरची स्फटिकांची नक्षी पाहावी लागते. पहिल्या वर्षी एकही मिळाला नाही तरी हरकत नाही. भोवतालच्या धुळीची ओळख होते, आणि ती झाल्याशिवाय वेगळा कण नजरेला पडत नाही.

दगडाचं एवढं पुरे: शेतातले इतर दगड, छिद्रं, फुटकी बाजू, घनता, आणि शेवटी नागपूर.

आता चंद्र. दुर्बीण वाया गेलेली नाही. तुम्ही तिला चंद्राच्या सर्वांत अवघड रात्री कामाला लावलंत. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्रावर प्रकाश समोरून पडतो, त्यामुळे कुठल्याच डोंगराची सावली आपल्याला दिसत नाही. विवरांना, कड्यांना उठाव येतो तो सावलीमुळे. म्हणून पाहायची जागा म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा. चंद्रावर तिथे सूर्य नुकताच उगवत असतो, आणि टेकडीएवढ्या उंचवट्याचीही सावली लांबच लांब पडते.

आणि ही सीमारेषा कुठे आहे ते सांगणारं वेळापत्रक तुमच्या भिंतीवर आधीच टांगलेलं आहे. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. त्यामुळे शुक्ल पक्षात तिथी कळली की सूर्योदयाची रेषा चंद्राच्या कुठल्या भागातून जाते ते जवळपास ठरतं. अमुक दिवसांचा चंद्र असं सांगण्यापेक्षा तिथी जास्त अचूक पडते, कारण चंद्राचा वेग रोज सारखा नसतो आणि तिथीत तो फरक धरलेला असतो. एवढं लक्षात ठेवा की दिनदर्शिकेवरची तिथी सूर्योदयाची असते. संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते, म्हणून समाप्तीची वेळ पाहा.

तृतीयेला मारे क्रिसियम पाहा, कडेजवळचा अंडाकृती काळा सागर. त्याच संध्याकाळी चंद्राचा अंधारा भागही राखाडी उजेडात दिसेल. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला प्रकाश आहे, मुलीला आवर्जून दाखवा. षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरांची साखळी. थिओफिलस सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मधोमध डोंगर आहे. अष्टमीला चंद्राच्या अगदी मध्यावर टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल एकाखाली एक. नवमीला दक्षिणेकडे टायको आणि क्लेवियस. क्लेवियस सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या पोटात लहान होत जाणाऱ्या विवरांची कमान आहे. दशमीला कोपर्निकस विवर, एकादशीला सायनस इरिडम या उपसागराचं अर्धवर्तुळ, द्वादशीला ॲरिस्टार्कस विवर. माझ्या मते पहिल्यांदा पाहणाऱ्याने अष्टमी ते दशमी हे तीन दिवस सोडू नयेत. चंद्र संध्याकाळी बराच वर असतो, मुलांना जागावं लागत नाही, आणि सर्वांत खडबडीत प्रदेश उजेडात येत असतो.

चांद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरला, तेव्हाही तिथी सप्तमी होती. उतरण्याच्या जागी नुकतंच उजाडलेलं असावं, म्हणजे सौरपट्ट्यांना पुढचे चौदा दिवस ऊन मिळेल, असाच तो हिशेब होता. विक्रम तुमच्या दुर्बिणीतून दिसणार नाही, पण सप्तमीला दक्षिण ध्रुवाकडचा तो भाग कसा उजळतो हे दिसेल.

किती बारीक दिसेल, हे मात्र आधीच जाणून घ्या. तुम्ही लोणारच्या जवळचे आहात म्हणून तेच माप वापरतो. लोणारचं विवर १.८ किलोमीटर रुंद आहे. ते उचलून चंद्रावर ठेवलं तर इथून त्याचा कोन जेमतेम एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) भरेल. ७० मिमीच्या भिंगाची मर्यादा पावणेदोन विकलांच्या आसपास. म्हणजे आपलं एवढं मोठं लोणार तुमच्या दुर्बिणीला दिसणार नाही. तुम्हाला सहज दिसणारी विवरं त्याच्या कितीतरी पट मोठी आहेत. आणि तरीही नवमीला रूपेस रेक्टा दिसते. तो ११० किलोमीटर लांबीचा कडा आहे, उंची अवघी अडीचशे-तीनशे मीटर, उतारही सौम्यच. पण त्याची सावली सरळ काळी रेघ उमटवते आणि लहान दुर्बिणीतही ती स्पष्ट दिसते. कृष्ण पक्षात त्याच कड्यावर ऊन दुसऱ्या बाजूने येतं, तेव्हा तीच रेघ पांढरी होते.

दुर्बिणीबद्दल थोडं. तुमच्या नळीचं नाभीय अंतर ९०० मिमी असेल, तर २५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ३६ पट आणि १० मिमीने ९० पट मोठं दिसेल. या दोनच वापरा. खोक्यावर लिहिलेले चारशे-साडेचारशे पट या भिंगाला पेलत नाहीत, १४० पटांपलीकडे चित्र नुसतं गढूळ होतं. चंद्र डोळ्यांना इजा करत नाही, पण दिपवतो, म्हणून मागे घरातला दिवा चालू ठेवून पाहा. आणि सोबत ‘सन’ असं लिहिलेला, आयपीसला लावायचा काळा फिल्टर आला असेल तर तो आजच टाकून द्या. तो उष्णतेने तडकतो, आणि सूर्याकडे पाहताना तडकला तर दृष्टी जाते.

पौर्णिमाही रिकामी सोडू नका, फक्त त्या रात्री विवरांचा उठाव शोधू नका, रंगछटा पाहा. टायकोतून चारही दिशांना फेकले गेलेले पांढरे पट्टे त्याच रात्री सर्वांत चांगले दिसतात. आणि काळे दिसणारे ते सागर बेसॉल्टचे आहेत, आपल्या शेतातल्यासारख्याच लाव्ह्याचे, फक्त तीन-चार अब्ज वर्षं जुने. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या ३८२ किलो नमुन्यांत असा बेसॉल्ट भरपूर होता. त्या नमुन्यांमुळेच पुढे अंटार्क्टिकात १९८२ साली सापडलेला एक अशनी चंद्रावरून आलेला आहे, हे ओळखता आलं. तुमचा दगड बेसॉल्टच निघाला तर तो फेकू नका. पौर्णिमेच्या रात्री मुलीच्या हातात द्या आणि दुर्बिणीतून मारे इम्ब्रियम दाखवा.

तिला एक वही करून द्या. पानावर तारीख, वेळ, तिथी, आयपीस लिहायचं आणि दिसेल तेवढंच, पेन्सिलीने, एकच विवर काढायचं. फोटो नंतर काढता येतील. चित्र काढताना डोळा थांबतो आणि दोन मिनिटांपूर्वी न दिसलेली गोष्ट दिसू लागते. प्रत्येक महिन्याच्या तृतीयेला मारे क्रिसियम चंद्राच्या कडेपासून किती आत आहे याचीही नोंद ठेवायला सांगा. चंद्र किंचित डोलत असल्यामुळे ते अंतर दर महिन्याला बदलतं, आणि चार-पाच तृतीयांची चित्रं शेजारी ठेवली की हा डोल तिला स्वतःच्या वहीत सापडेल.